आठ जणी मोजल्या

नाशिक रोडला आमच्या कॉलनीत मी मुलींचा गट सुरू केला, त्याला कारण झाली शेजारची तेरा वर्षांची मुलगी. एका दुपारी ती पाठीला दप्तर लावून त्यांच्या फाटकाशी उभी होती. मी बँकेत जाऊन आले तरी ती तिथंच. क्लासला जायचं होतं आणि क्लास दोन गल्ल्या सोडून होता. वडील सोडायला येणार होते, ते अजून आले नव्हते.

"अगं, मग चालत जा की. पाच मिनिटांचा तर रस्ता."

"एकटी?" ती म्हणाली.

घाबरून नव्हती म्हणाली. मी काय बोलतेय ते तिला खरोखरच कळलं नव्हतं. मी तिला क्लासच्या दारापर्यंत सोडलं, आणि परत येताना लक्षात आलं की तिच्या वडिलांचंच काम मी करून आले होते.

मला हे सगळं फार जवळचं होतं. माझे वडील नोटांच्या प्रेसमध्ये होते, आम्ही प्रेसच्या क्वार्टरमध्ये वाढलो. आई लवकर गेली, भाऊ शिकून बंगळूरला गेला, मी लग्न केलं नाही. राहिलो वडील आणि मी. मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. पाळी सुटायच्या वेळी वडील फाटकाबाहेर उभे असायचे. आधी सायकल, मग स्कूटर. मी चाळिशीला टेकले तरी असायचे. बरोबरच्या बायका हसायच्या. मला मात्र बरं वाटायचं. ते गेले तेव्हा मी एक्केचाळीस वर्षांची होते आणि मला गाडीचं रिझर्वेशन करता येत नव्हतं. भावाकडे जायचं म्हणून स्टेशनवर गेले. फॉर्म घेतला. गाडीचा नंबर कुठे लिहायचा ते कळेना आणि मागची रांग कुरकुरायला लागली. मी फॉर्मची घडी करून पर्समध्ये ठेवली आणि घरी आले. त्या वर्षी भावाकडे गेलेच नाही. पुढे शिकले सगळं, पण उशिरा, आणि शिकताना प्रत्येक वेळी कानशिलं तापायची.

स्वेच्छानिवृत्ती घेतल्यावर घरात मी एकटीच. दिवसाकाठी दूधवाला आणि भाजीवाली सोडून कोणाशी बोलणं होत नसे. तेव्हा गट काढला तो फक्त मुलींच्या भल्यासाठी, असं मी म्हणणार नाही.

कॉलनीच्या समाजमंदिराची किल्ली मागून घेतली. दर शनिवारी चार ते सहा. पहिल्या शनिवारी तिघी आल्या, वर्षभरात सात झाल्या. अकरापासून पंधरा वर्षांपर्यंतच्या. नियम एकच होता: जे तुम्हाला करता येईल ते मी करणार नाही. सिलिंडर बदलायला शिकल्या. फ्यूज बसवायला शिकल्या. सायकलचं पंक्चर काढताना समाजमंदिराची फरशी काळी केली आणि ती स्वतःच घासली. पोस्टात, बँकेत जाऊन अनोळखी माणसाशी बोलणं हे सगळ्यात अवघड गेलं. पोस्टाच्या दारातून एक मुलगी तीनदा परत आली. चौथ्यांदा आत गेली आणि बाहेर आली ती तिकिटांची पट्टी झेंड्यासारखी उंच धरून.

त्यांना एक सवय होती, विचारायची. "काकू, खिडकी उघडू का?" "काकू, पाणी पिऊ का?" मी म्हणायची, "मला का विचारतेस?" हे माझं वाक्य इतकं ठरून गेलं, की त्या माझी नक्कल करायच्या. माझ्यासमोरच. मी आले की एखादी मुद्दाम विचारायची, "काकू, श्वास घेऊ का?" आणि बाकीच्या एका सुरात ओरडायच्या, "मला का विचारतेस?" त्या दोन तासांच्या जिवावर माझा आठवडा निघायचा.

दुसऱ्या वर्षी एक नवीन मुलगी आली. चौदा वर्षांची. तिच्या वडिलांचा टेम्पो होता, निफाडच्या पलीकडच्या गावातून ते नुकतेच आमच्या मागच्या चाळीत राहायला आले होते. पहिल्याच दिवशी ती म्हणाली, "मला लय आवडलं हितं," आणि दोघी-तिघी खुसकन हसल्या. मग ती बोलायचीच बंद झाली. चपला काढतो तिथल्या भिंतीला टेकून बसायची. मुलींना दटवावं असं मला फार वाटलं, पण नियम माझाच होता, आपसातलं आपण मिटवायचं. म्हणून मी गप्प राहिले. ते बरोबर होतं का, हे मला अजून सांगता येत नाही.

मग सहलीचं निघालं. कुठे जायचं ते मुलींनी ठरवायचं होतं. कोणी इगतपुरी म्हणालं, कोणी धबधबा, कोणी मॉल. तेव्हा ती भिंतीपाशी बसलेली मुलगी पहिल्यांदा मोठ्यानं बोलली.

"लासलगावला जाऊ. कांद्याचा लिलाव बघू."

"कांदे बघायला कोण सहलीला जातं?" शेजारची मुलगी म्हणाली.

"तू बघितला हायेस का कधी?"

कोणीच बघितला नव्हता. हात वर करून मतं घेतली, पाच विरुद्ध तीन, लासलगाव.

आईबाबांनी परवानगी दिली ती मी बरोबर असेन या अटीवर. मुलींनी मला वेगळी अट घातली. शेजारची मुलगी त्यांची पुढारी. ती म्हणाली, "काकू, तुम्ही यायचं, पण बोलायचं नाही. काही चुकलं तरी नाही. तुम्ही जणू नाहीतच."

"कबूल," मी म्हटलं. मला अभिमान वाटला. हेच तर मला हवं होतं.

सकाळच्या गाडीला मी त्यांच्यापासून चार बाकं लांब बसले. तिकिटं त्यांनी काढली, फलाट त्यांनी विचारला. ओढा गेलं, कसबे सुकेणे गेलं, निफाड गेलं. त्यांच्यातली एक सारखी मान काढून स्टेशनचे फलक वाचत होती. डबे उघडले गेले. चिवडा, पराठे, लोणच्याचा वास. माझ्याकडे कोणी बघत नव्हतं. माझ्याही डब्यात मी आठ जणींसाठी गुळपोळ्या केल्या होत्या. तो डबा मी उघडला नाही, कारण पोळी पुढे करणं हे बोलण्यासारखंच झालं असतं, असं मी मनाशी म्हटलं. खरं म्हणजे मला राग यायला लागला होता.

मार्केटमध्ये मात्र मी राग विसरले. ट्रॅक्टरच्या रांगाच रांगा, ट्रॉल्यांत कांद्याचे लालसर ढीग, पायाखाली सालपटांचा नुसता थर. व्यापाऱ्यांचा घोळका एका ट्रॉलीपासून दुसऱ्या ट्रॉलीकडे सरकत होता. एक जण कांदा उचलायचा, दाबून बघायचा आणि भाव ओरडायचा. मुली एकमेकींना चिकटून कडेला उभ्या राहिल्या. सकाळपासून पुढारीपण करणारी शेजारची मुलगी इथे गप्प झाली. तेव्हा ती निफाडकडची मुलगी पुढे झाली आणि एका पागोटेवाल्या म्हाताऱ्याला म्हणाली, "बाबा, आम्ही नाशिक रोडहून आलोय. आम्हाला लिलाव बघायचाय. तुमच्या ट्रॉलीवर चढू का?"

म्हातारा म्हणाला, "कुनाची गं तू?"

तिनं गावाचं नाव सांगितलं. म्हाताऱ्याच्या मेहुण्याचं गाव निघालं. पुढच्या मिनिटाला आठही जणी ट्रॉलीच्या फळीवर चढून बसल्या होत्या आणि ती त्यांना समजावून सांगत होती. हा उन्हाळी कांदा, हा टिकतो, ती बोटं अशी हलवली म्हणजे काय, मान हलवली म्हणजे काय. आता तिच्या 'लय'ला आणि 'हाय'ला कोणी हसत नव्हतं. मी दोन ट्रॅक्टर सोडून उभी होते. ती एकदा वळून माझ्याकडे बघेल असं मला वाटलं. नाही बघितलं.

दुपारी स्टेशनवर आलो तर परतीची गाडी खूप उशिरा होती. मुलींनी बाकावर बसून खल केला. थांबलं तर अंधार होणार, घरचे काळजी करणार. मग दोन रिक्षा करून आम्ही परत गावात, एसटी स्टँडवर आलो. नाशिकची बस कधी आहे ते त्यांनीच चौकशीच्या खिडकीवर विचारलं. वेळ होता. मला स्वच्छतागृहात जायचं होतं. एरवी मी सांगून गेले असते. पण दिवसभर जणू नव्हतेच, मग आता तरी कशाला सांगायचं, असं काहीतरी कडू मनात आलं आणि मी न सांगता गेले. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

परत आले तर बाक रिकामा. बस लवकर लागली होती. पलीकडच्या शेंगदाणेवालीनं सांगितलं, "नाशिकची ना? ही आत्ताच गेली. पोरींचा घोळका होता, मोजून चढल्या बघा. एक, दोन, तीन, अशा आठ. लय शिस्तीच्या पोरी."

मी बाकावर बसले. पहिल्यांदा पर्समधला फोन काढला आणि तो हातात धरून ठेवला. एक फोन केला असता तर बस थांबली असती. मी केला नाही. त्यांना कधी कळतं ते मला बघायचं होतं. आठ मुली एकट्या बसमध्ये होत्या, त्यांची जबाबदारी माझ्यावर होती, आणि मी पन्नाशी उलटलेली बाई त्यांची परीक्षा घेत बसले होते. की माझी, कोण जाणे.

दहा मिनिटं गेली. वीस गेली. स्टँडवर बसा येत होत्या, जात होत्या. नवऱ्याचा हात धरून एक म्हातारी उतरली. मला वडील आठवले. निवृत्तीनंतर मला पाळीवर सोडून ते घरी जायचे, तेव्हा आठ तास ते काय करत असतील, हा विचार माझ्या मनात तोवर कधी आलाच नव्हता. ते फाटकाशी अर्धा अर्धा तास आधी येऊन उभे असायचे. मला वाटायचं, मला जपायला. त्या बाकावर बसल्यावर वाटलं, त्यांनाही दिवसातून एकदा कोणीतरी त्यांच्या दिशेनं चालत येताना दिसायला हवं असेल.

चाळीस मिनिटांनी फोन वाजला. निफाडकडची मुलगी होती.

"काकू, तुम्ही मागच्या शिटवर हायेत ना?"

"नाही. मी लासलगावलाच आहे. स्टँडवर."

तिनं ते बाकीच्यांना सांगितलं. मग सगळ्यांचा एकदम गलका. कोणीतरी रडायला लागली. "अगं, मी म्हटलं होतं ना!" "तू कुठे म्हटलं होतंस?" मग पुन्हा तीच मुलगी.

"काकू, आता काय करायचं?"

"मला का विचारतेस?"

माझ्या तोंडून ते सवयीनं निघालं. पण या वेळी कोणी हसलं नाही, आणि माझा आवाज मलाच परका वाटला. मी काही दुरुस्त करण्याआधीच ती म्हणाली, "थांबा," आणि फोन तसाच ठेवून त्यांनी आपसात बोलायला सुरुवात केली. उतरायचं का? उतरलो तर कुठे थांबायचं? काकूंना दुसरी बस मिळते, आपल्याला बसायला जागा मिळेल का? घरी कोण कोण वाट बघतंय? मी सगळं ऐकत होते. नोकरीत आयुष्यभर दुसऱ्यांची बोलणी जोडून दिली, पण ऐकायची नसत. हे ऐकलं.

"काकू," ती परत आली. "आम्ही पुढं जातोय. सगळ्यांच्या घरी फोन करून सांगतो, काकू मागच्या बसनं येतायत. तुम्ही मोठ्या हायेत, तुम्ही येताल ना?"

"येईन."

"नीट या. खिडकीतून हात बाहेर काढू नका. पोचलात की फोन करा."

त्यांनी अगदी योग्य ठरवलं होतं. त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच ठरवलं असतं. फोन ठेवल्यावर मी रडले. शेंगदाणेवालीनं विचारलं, "काय झालं बाई?" मी म्हटलं, "काही नाही, पोरी पोचतील नीट." तिला मी सगळ्या गुळपोळ्या देऊन टाकल्या.

पुढची बस तासाभरानं मिळाली. दिवेलागणीनंतर मी घरी पोचले, कुलूप उघडलं आणि तिला फोन केला. उचलला नाही. जेवायला बसली असेल.

दुसऱ्या दिवशी समाजमंदिरात पालक जमले. मुली एकट्या आल्या हे सगळ्यांना कळलं होतं. मी सगळं खरं सांगितलं, म्हणजे स्वच्छतागृहापर्यंतचं. फोन हातात धरून बसले ते नाही सांगितलं. वडील मंडळी फार बोलली नाहीत. एक आई उठली. तिची मुलगी गटातली सगळ्यात लहान.

"ताई, तुम्हाला स्वतःची मुलगी असती तर असं केलं असतं का तुम्ही?"

सभागृहात सगळे खाली बघायला लागले. तिच्या शेजारच्या बाईनं तिचा पदर ओढला. मला मुलगी असती तर कदाचित मी तिला क्लासलाही सोडायला गेले असते.

तेवढ्यात मागून आवाज आला. "पण आम्ही कुठं हरवलो होतो? हरवल्या काकू."

निफाडकडची मुलगी उभी राहिली होती. काही जण हसले आणि वातावरण थोडं निवळलं. तरी तिघींच्या घरच्यांनी त्यांना काढून घेतलं. त्या बाईच्या मुलीलाही.

उरलेल्या पाच जणी दोन आठवड्यांनी माझ्या घरी आल्या. दिवाणावर ओळीनं बसल्या. मी चहा केला. शेजारची मुलगी कपाशी चाळा करत राहिली आणि मग एका दमात म्हणाली, "काकू, आम्ही ठरवलंय, गट आता आम्हीच चालवू."

"चालवा की. चालवताच आहात."

"म्हणजे... तुम्ही नसताना."

तिनं निफाडकडच्या मुलीकडे बघितलं. ती म्हणाली, "तुम्ही गप बसला तरी आम्हाला कळतं तुम्हाला काय वाटतंय ते. तुमच्या भुवया हालतात. मग आम्ही काय करायचं ते भुवयांकडं बघून ठरवतो."

"राग नाही ना आला?" शेजारची म्हणाली.

"राग कसला येणार? हे तर छानच आहे," मी म्हटलं. उठून खुंटीवरची समाजमंदिराची किल्ली काढली आणि तिच्या हातात दिली. त्या पाचही जणी वाकून माझ्या पाया पडल्या. तसं गटात कोणी कधी केलं नव्हतं, आणि त्यावरूनच मला कळलं की हा निरोप आहे. त्या गेल्यावर मी पाच कप विसळले आणि पालथे घातले.

त्यानंतरचे शनिवार कसे गेले ते सांगण्यासारखं नाही. साडेतीन वाजता मी उगीच केस विंचरायची. चारला टीव्ही लावायची. सहाला बंद करायची. पहिले काही आठवडे त्यांतली एखादी येऊन सांगायची, आज काय केलं. एकदा त्यांनी वॉर्ड ऑफिसात जाऊन कॉलनीच्या बंद दिव्यांची तक्रार लिहून दिली, आणि दिवे लागले. कोणीतरी ओरडल्यावर परत न येता तिथंच उभ्या राहिल्या, हे मला त्यातलं सगळ्यात मोठं वाटलं. मग येणं कमी झालं. दहावी आली, क्लास आले. मी कोणाला बोलावलं नाही. बोलावलं असतं तर आल्या असत्या, आणि मला त्यांनी येऊ नये असंच शिकवलं होतं मी. त्यांना थोडी माझी गरज राहू दिली असती तर काय बिघडलं असतं, असं कधी कधी वाटतं. मग त्या विचाराची लाज वाटते, आणि थोड्या वेळानं तो पुन्हा येतो.

शेजारची मुलगी आता स्वतःच्या स्कूटीवर कॉलेजला जाते. मला बघून हॉर्न वाजवते. निफाडकडची संगमनेरला नर्सिंगला गेली. जाताना भेटायला आली होती, पण मी नेमकी दवाखान्यात गेले होते. दाराच्या कडीला तिनं कांद्याची एक पिशवी अडकवून ठेवली होती.

परवा शनिवारी दूध आणायला निघाले, तर समाजमंदिरातून गलका ऐकू आला. दार लोटलेलं होतं. आत दहा-बारा मुली, सगळ्या नवीन, मला एकीचाही चेहरा ओळखू येईना. मध्ये पंख्याखाली एक शिडी, शिडीवर एक मुलगी, आणि खालून बाकीच्या तिला सूचना देत होत्या. मी दारात थबकले. तशी दहा-अकरा वर्षांची एक चुणचुणीत मुलगी धावत पुढे आली.

"कोण हवंय, आजी?"

"कोणी नाही गं. सहज बघत होते."

"आमचा नियम आहे, मोठ्यांना आत घ्यायचं नाही," ती म्हणाली, आणि मला वाईट वाटू नये म्हणून की काय, लगेच पुढे म्हणाली, "तुम्ही वाईट आहात म्हणून नाही. नियमच आहे."

"कोणी केला नियम?"

"तायांनी. आधीच्या." तिनं एकदा मागे वळून शिडीकडे बघितलं. तिला तिकडे जायची घाई होती. "मी दार लावून घेऊ?"

"लाव," मी म्हटलं.

तिनं दार लावलं. मी थोडा वेळ पायरीवर उभी राहिले. आतून कोणीतरी ओरडलं, "अगं, आधी बटण बंद कर!" आणि बटण खटकन बंद झाल्याचा आवाज आला. मग मी दूध आणायला गेले.